‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते’

आयर्लंडमधल्या किल्डेअर काउंटीतून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात त्या, त्यांचे यजमान आणि सात वर्षांची मुलगी. सासू-सासरे माण तालुक्यातले, दोघंही सत्तरीच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. डावा पाय अजून ओढला जातो. चार पायांची काठी घेऊन त्या दहा-पंधरा मिनिटं चालतात, मग बसावं लागतं. सासरे अगदी तुडतुडीत, तरुणपणी गडकिल्ले पालथे घातलेले. गेल्या उन्हाळ्यात दोघं आले, तेव्हा यजमानांनी शेजारच्या विक्लो काउंटीतली, ‘इझी’ असा शेरा असलेली एक डोंगराकडची वाट निवडली. शंभरेक पावलांवर कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आडवी आली. सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते.’ त्या तीन तास गाडीत बसून राहिल्या. पुढच्या सहलींना हेच होत गेलं. मग त्या घरीच थांबू लागल्या आणि त्यांच्यासोबत सूनबाईही. यंदा पुन्हा बोलवायचं आहे. यजमान म्हणतात, ‘आईला दगदग नको, तिला घरीच बरं वाटतं.’ भगिनी विचारतात: रानावनात फिरणं सोडून द्यावं आणि सगळ्यांनी मॉलमध्येच जावं का? व्हीलचेअर आणली तर त्या बसतील का? आणि बोलवावं कुठल्या महिन्यात?

प्रिय ताई,

‘तिला घरीच बरं वाटतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे, आणि दोन्ही वेळा ते तुमच्या यजमानांच्या तोंडी आहे. सासूबाईंचं स्वतःचं असं एकच वाक्य तुम्ही कळवलंत, ‘तुम्ही जाऊन या’. ते त्या एका लाकडी पायरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या. समोर दुसरा मार्गच नव्हता. त्यावरून त्यांना बाहेर पडायला आवडत नाही असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. ज्या बाईने आयुष्यभर शेतावर, बांधावर, बाजाराला पायी ये-जा केली, तिला परदेशातल्या दोन खोल्यांत तीन महिने टीव्हीसमोर बरं वाटत असेल, हे मला पटत नाही. पण माझंही पटणं-न पटणं बाजूला ठेवा. आधी त्यांना विचारा.

विचारायची पद्धत मात्र बदला. ‘आई, येताय का आमच्याबरोबर?’ असं विचारलं की आपल्याकडची कुठलीही सासू ‘नको, तुम्ही जा, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’ असंच म्हणणार. त्याऐवजी दोन ठिकाणांचे फोटो समोर ठेवा. एकात पाणी, एकात झाडी. सांगा की इथे बसायला बाक आहे, इथून टॉयलेट एवढं लांब आहे, इथून कधीही मागे फिरता येतं. आणि विचारा, यातलं कुठलं बघायचं? हे तुम्ही एकट्या असताना विचारा, मुलासमोर नको. मुलगा समोर असला की आई त्याच्या सोयीचं उत्तर देते.

टॉयलेटचं मुद्दाम लिहिलं. आपल्या अनेक वयस्कर बायका बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कुठे जावं लागलं तर काय, ही भीती. तुमच्या सासूबाईंच्या नकारात तिचा वाटा किती आहे, हे तुम्हालाच हळूच काढून घ्यावं लागेल. झटका येऊन गेलेल्या माणसाने दिवसभर पाण्याविना राहणं बरं नाही. तेव्हा कुठल्याही वाटेची आखणी करताना किलोमीटरच्या आधी टॉयलेट कुठे आहे ते बघा. गावातला कॅफे, पेट्रोल पंप, वाचनालय, काहीही चालेल, पण ठिकाण माहीत हवं आणि निघण्याआधी सासूबाईंना ते सांगितलेलं हवं.

आता तुमच्या दोघांच्याही मनात बसलेली दुसरी गोष्ट. रानात फिरणं म्हणजे डोंगर चढणं, आणि ज्याला चढता येत नाही त्याने पायथ्याशी थांबणं. हे सह्याद्रीतून आलेलं गणित आहे. आयर्लंडचा मधला भाग बशीसारखा सपाट आहे आणि किल्डेअर त्या सपाटीतच येतं. शिवाय या देशात गेल्या काही वर्षांत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि जुन्या कालव्यांच्या काठाने चालण्याचे, सायकलचे लांबच लांब रस्ते झाले आहेत. त्यांना ग्रीनवे म्हणतात. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रेल्वे बांधताना टेकडी असेल तिथे खणून आणि खळगा असेल तिथे भराव टाकून मार्ग जवळपास सपाट ठेवलेला असतो. कालव्याच्या काठावरून घोडे नावा ओढायचे, म्हणून तिथेही सपाटी. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मालवाहतुकीसाठी केलेली ती मेहनत आज तुमच्या सासूबाईंच्या कामाची आहे.

मागच्या वर्षीची फसगत कशामुळे झाली तेही सांगते, कारण ती अनेकांची होते. आयर्लंडमध्ये चालायच्या वाटांची प्रतवारी असते. ‘इझी’ ही त्यातली सगळ्यात सोपी प्रत नाही. तिच्याही खाली ‘मल्टी-अ‍ॅक्सेस’ नावाची प्रत आहे. मल्टी-अ‍ॅक्सेस वाट म्हणजे सपाट आणि गुळगुळीत. व्हीलचेअर, बाबागाडी, कुबड्या, अधू दृष्टीची माणसं, सगळ्यांना धरून केलेली, रोजच्या चपला-बुटांत चालता येईल अशी. ‘इझी’ वाट बहुतेक सपाट असते, पण तिच्यात थोड्या पायऱ्या असू शकतात, आणि धडधाकट माणसासाठी ती सोपी असते. म्हणजे त्या शेऱ्यात खोटं काहीच नव्हतं, पण तो तुमच्या यजमानांसाठी होता. यंदा शोधताना ‘मल्टी-अ‍ॅक्सेस’ हाच शब्द टाकून शोधा.

आणि शेरा बघितल्यावरही वाट सांभाळणाऱ्यांना, नाहीतर गावातल्या माहिती केंद्राला एक फोन करा. चार गोष्टी विचारा. पृष्ठभाग कसला आहे, डांबर, बारीक दाबलेली खडी की सुटी खडी? सुरुवातीला मोटारसायकली अडवायला लावलेलं फाटक आहे का, आणि त्यातून व्हीलचेअर जाते का? पहिला बाक किती अंतरावर आहे? जाऊन त्याच वाटेने परत येता येतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. गोल फिरून येणाऱ्या वाटा दिसायला छान, पण अर्ध्यावर पोचलात की पुढे जाणं आणि मागे येणं सारखंच लांब पडतं. सासूबाईंसाठी सरळ जाऊन सरळ परत यायची वाट घ्या. पाचशे मीटरवर त्या म्हणाल्या ‘पुरे’, की पुरे.

सुरुवात घराजवळून करा. रॉयल कॅनॉल ग्रीनवे मेनूथपासून निघतो आणि थेट लाँगफर्ड काउंटीतल्या क्लूनडारापर्यंत 130 किलोमीटर जातो. तो 2021 मध्ये पूर्ण खुला झाला. तुम्हाला त्यातले 130 नकोत, दोनसुद्धा पुरेत. या भागात रेल्वे कालव्याच्या अगदी शेजारून धावते. मेनूथ, किलकॉक, एनफील्ड ही तिन्ही स्टेशनं कालव्याला लागून आहेत. मेनूथ ते किलकॉक सहा-सात किलोमीटर. सासरे, यजमान आणि मुलगी चालत किलकॉकला जाऊ शकतात. तुम्ही आणि सासूबाई मेनूथच्या काठावर हवं तेवढं फिरा आणि मग गाडीने किंवा ट्रेनने किलकॉकला जाऊन त्यांना गाठा. ट्रेनने जायचं तर रेल्वेला आधी कळवा, म्हणजे चढायला-उतरायला रॅम्प लावायला माणूस येतो. सगळ्यांनी एकत्र असावं म्हणून सगळ्यांनी तेवढंच अंतर चालायला हवं असं नाही. डबा एकत्र उघडला तरी सहल एकत्र झाली.

या कालव्याची एक हकीकत सासूबाईंना जरूर सांगा. 1847 सालच्या मे महिन्यात, बटाट्याचं पीक कुजून पडलेल्या मोठ्या दुष्काळात, रॉसकॉमन काउंटीतल्या स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने आपल्या 1,490 कुळांना घराबाहेर काढलं. पुरुष, बायका, पोरं याच कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत पायी गेली. तिथून लिव्हरपूल, आणि तिथून जहाजाने कॅनडा. अनेक जण वाटेतच गेले. आज त्या मार्गाला नॅशनल फॅमिन वे म्हणतात. स्ट्रोक्सटाउन ते डब्लिन 165 किलोमीटर. वाटेत जागोजागी लहान मुलांच्या बुटांची ब्राँझची शिल्पं बसवली आहेत. ती छोटी आहेत, बंध बांधलेली, जुन्या चामड्याच्या घड्या पडलेली. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला ती आपल्यापेक्षा नीट दिसतात, कारण ती खाली आहेत. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या तुमच्या सासूबाई 1972 च्या दुष्काळात सोळा-सतरा वर्षांच्या असतील. त्यांनी किंवा त्यांच्या घरातल्या कुणी दुष्काळी कामावर खडी फोडली असण्याची दाट शक्यता आहे. आयर्लंडमध्येही त्या दुष्काळात पोटासाठी माणसांना रस्त्यांच्या कामावर दगड फोडायला लावलं होतं. मला खात्री आहे की त्या बुटांसमोर बोलायला त्यांच्यापाशी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त असेल. नातीला तिथे आजीच्या शेजारी बसवा.

आता व्हीलचेअरचा प्रश्न. तुम्ही लिहिता, विमानतळावर त्या बिनतक्रार बसल्या, पण इथे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नाही म्हणतात. विमानतळावर सगळ्याच म्हाताऱ्या बसतात, म्हणून तिथे संकोच नसतो. इथे बसणं म्हणजे ‘आता माझे पाय गेले’ अशी कबुली वाटत असणार. म्हणून खुर्ची त्यांच्यासाठी आणली असं म्हणूच नका. ती आणा, तिच्यावर डबा, थर्मास, जॅकेटं ठेवा आणि सोबत ढकलत न्या. सासूबाई काठीने चालू देत. दहा मिनिटांनी बसावंसं वाटेल तेव्हा बाक शोधावा लागणार नाही, खुर्ची हजर असेल. दमल्या की बसतील, हुशारी आली की उठतील. बसणं आणि चालणं यातलं एकच कायमचं निवडायची सक्ती नाही, हे एकदा लक्षात आलं की संकोच बराच गळून पडतो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

खुर्ची विकत घ्यायची गरज नाही. आयर्लंडमधली अनेक औषधांची दुकानं आणि वैद्यकीय साहित्याची दुकानं ती भाड्याने देतात. मात्र मागची चाकं मोठी असलेली मागा. चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची मॉलच्या फरशीवर पळते आणि खडीत रुतते. खडबडीत तुकडा आला की खुर्ची किंचित मागे कलती करून पुढची छोटी चाकं उचलून धरायची आणि मोठ्या चाकांवर न्यायची. गवत किंवा चिखल असेल तर उलटं वळून खुर्ची मागे ओढत न्यायची. उतारावर ढकलणाऱ्याने उताराच्या बाजूला उभं राहून खुर्ची उलटी, सावकाश उतरवायची, म्हणजे बसलेलं माणूस पुढे घसरत नाही. हे सगळं आधी घरासमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना बसवून करून बघा. तुमच्या यजमानांना पंधरा मिनिटं त्या खुर्चीत बसवा, मग कुठला दगड किती लागतो ते त्यांना कळेल.

डावी बाजू कमजोर असलेल्या माणसासाठी आणखी दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात. डावा पाय पायपट्टीवरून नकळत घसरतो आणि खाली अडकू शकतो, तो अधूनमधून बघत राहा. डावा हात मांडीवर उशीवर ठेवा, चाकाकडे लोंबू देऊ नका. त्या बाजूची जाणीव कमी असेल तर बोटं गारठल्याचंही कळत नाही. ढकलणाऱ्याला घाम येतो आणि बसलेला कुडकुडतो, हे आयरिश उन्हाळ्यातही होतं. तुम्हाला स्वेटर काढावासा वाटेल तेव्हा त्यांना शाल लागत असेल. पायावर घ्यायला घोंगडीसारखं काहीतरी, हातमोजे आणि पाऊस आत न येणारं लांब जॅकेट एवढं गाडीत कायमचं असू द्या. काठीबद्दलही त्यांच्या फिजिओथेरपिस्टला विचारा. चार पायांची काठी घरातल्या सपाट फरशीवर चांगली, पण खडीवर किंवा फळ्यांच्या वाटेवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती डगमगते. बाहेरसाठी रुंद रबरी बुडाची साधी काठी बरी पडते का, हे त्यांना बघणाऱ्या माणसाने ठरवायचं.

आणि ताई, खुर्ची ढकलण्याचं काम तुमच्या एकटीच्या गळ्यात पडू देऊ नका. तुमच्या पत्रात मला हे सगळ्यात जास्त टोचलं. सासूबाई घरी थांबल्या, म्हणून तुम्हीही थांबलात, आणि त्याबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीपलीकडे काही लिहिलेलं नाही. यंदा निघतानाच ठरवा, जाताना मुलगा ढकलेल, येताना सून, आणि एखाद्या रविवारी तुम्ही सासऱ्यांबरोबर लांब चालायला जाल, तेव्हा आई-मुलगा दोघंच कालव्यावर राहतील. त्या दोघांनाही ते हवं असेल.

किल्डेअरहून तासा-दीड तासाच्या टप्प्यात बरंच काही आहे. ऑफली काउंटीत क्लॅरा नावाचं गाव आहे. त्याच्या बाजूला क्लॅरा बॉग हे राखीव क्षेत्र आहे. बॉग म्हणजे हजारो वर्षं साचत गेलेल्या शेवाळाची, पाण्याने फुगलेली दलदल. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, एवढ्या गतीने ती वाढते. तिच्यावरून फळ्यांची वाट टाकली आहे, साधारण किलोमीटरभराची. पाय वाटेबाहेर टाकायचा नाही, जमीन धरत नाही. मे-जूनमध्ये तिथे कापसाच्या बोंडासारखे पांढरे झुपके असलेलं गवत वाऱ्यावर डुलतं. फळ्यांच्या कडेला नीट बघितलं तर लाल केसांवर चिकट थेंब घेऊन बसलेली, किडे खाणारी ड्रॉसेरा दिसते. तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या कास पठारावर जी दवबिंदू नावाची वनस्पती दिसते, तिचीच ही बहीण. सासऱ्यांना ते ओळखता येईल. पाऊस पडून गेल्यावर फळ्या निसरड्या होतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीत काठीचं टोक अडकू शकतं, म्हणून तिथे सासूबाईंनी बसूनच जाणं चांगलं. टॉयलेट गावात उरकून मगच निघा.

त्याच काउंटीत लॉक बूरा आहे. तिथे सरकारी कंपनी बोर्ड ना मोना कित्येक दशकं जळणासाठी पीट, म्हणजे बॉगमधला साचलेला थर, खणत होती. कंपनीने 2021 मध्ये पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, पण लॉक बूराच्या खणून झालेल्या जमिनीवर त्याआधीच तळी, रानं आणि सपाट वाटा तयार झाल्या होत्या. पीटच्या खाली साडेआठ हजार वर्षांहून जुन्या, शिकारी माणसांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. कंपनीच्या जुन्या लोखंडी-लाकडी सामानातून केलेली मोठमोठी शिल्पं वाटेवर उभी आहेत. मुलगी एकीकडून दुसरीकडे पळत सुटेल. वारा मात्र तिथे अडवणारं काही नाही, त्यामुळे शाल विसरू नका.

विक्लोत तुम्ही पुन्हा जायला घाबरत असाल, पण एव्हनडेल मुद्दाम बघा. रॅथड्रम गावाजवळ, जिथे चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल या आयरिश नेत्याचा 1846 मध्ये जन्म झाला ते घर आणि त्याभोवतीचं जंगल आहे. तिथे 2022 मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी वाट खुली झाली. ती वळत वळत 38 मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत जाते आणि कुठेही पायरी नाही. सगळा चढ मंद उताराचा, व्हीलचेअरसाठीच आखलेला. तिकीट आहे, पण पायांत जोर नसलेल्या माणसाला जंगलाच्या वरून बघता येण्याची संधी इतकी सहज फार ठिकाणी मिळत नाही. माझ्या मते हा खर्च करण्यासारखा आहे.

ग्लेंडालॉकही त्याच बाजूला. सहाव्या शतकातला मठ, तीसेक मीटर उंच गोल मनोरा, दोन तळी. इथे वाटांची निवड फार जपून करा. खालच्या तळ्याच्या कडेने ओकच्या झाडीतून जाणारा ‘ग्रीन रोड’ जवळपास सपाट आहे. वरच्या तळ्याच्या काठाने जाणारा ‘मायनर्स रोड’ही बराच काळ सपाट जातो आणि जुन्या खाणकामगारांच्या पडक्या वस्तीपाशी खडकाळ होतो. तो सासऱ्यांसाठी. फोटोंमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती ‘स्पिंक’ची फळ्यांची वाट. तिच्यात सहाशेवर पायऱ्या आहेत. मठाच्या आवारात थडग्यांमधली जमीन उंचसखल आहे, तिथे मनोरा थोड्या अंतरावरूनच बघा. शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

गावाकडच्या छोट्या रस्त्यांबद्दल एक. मध्ये गवत उगवलेले ते अरुंद रस्ते फार मोहात पाडतात, दोन्ही बाजूंनी हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या फुललेल्या बांधांमधून. पण त्यांवर गाड्या येतात आणि वळणावर बाजूला व्हायला जागा नसते. अशा स्थानिक ग्रामीण रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी 2025 मध्ये ताशी 80 वरून 60 किलोमीटर केली, तरी व्हीलचेअर घेऊन तिथे जाऊ नका. चालणाऱ्यांनी उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. आणि आयर्लंडमध्ये कुणाच्याही शेतातून जायचा सरसकट हक्क नाही. अनेक वाटा शेतकऱ्यांच्या परवानगीवर चालतात. फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जा. हे सासऱ्यांना वेगळं सांगावं लागणार नाही, पण मुलीला सांगा.

सासऱ्यांची क्रोक पॅट्रिक हा डोंगर चढायची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंत ना? ती पूर्ण करा, आणि त्याच दिवशी सासूबाईंचीही सहल करा. मेयो काउंटीत वेस्टपोर्टला दोन रात्री राहा. डोंगर 764 मीटर, पण पायथ्याचं मरिस्क समुद्राच्या पातळीवर आहे, त्यामुळे सगळीच्या सगळी उंची चढावी लागते. शेवटचा शंकू सुट्या दगडांचा आहे आणि उतरताना तो चढण्यापेक्षा जास्त त्रास देतो. गड चढलेल्या माणसालाही दोन काठ्या लागतील. जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे हजारो यात्रेकरू चढतात, काही अनवाणी. तो दिवस बघायचा असेल तरच निवडा. बाप-लेक डोंगरावर असतील तेव्हा तुम्ही तिघी ग्रेट वेस्टर्न ग्रीनवेवर जा. वेस्टपोर्टहून अकिलकडे जाणारी रेल्वे 1937 मध्ये बंद पडली. तिच्या जागी आज सुमारे 42 किलोमीटरची वाट आहे, आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून ती आपणहून जाऊ दिली म्हणून ती झाली. न्यूपोर्ट किंवा मलरॅनीपाशी गाडी लावा, किलोमीटरभर जा, परत या. वाटेवरून खाडी दिसते, खाडीतली बेटं दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे क्रोक पॅट्रिकही. डांबरीच वाट हवी असेल तर दक्षिणेला वॉटरफर्ड ग्रीनवे चांगला. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन 46 किलोमीटर, 2017 मध्ये खुला झालेला. किलमॅकथॉमसला आठ कमानींच्या जुन्या रेल्वे पुलावरून खुर्ची सहज जाते, आणि गावात चहा मिळतो.

एक सावधगिरी. फर्मॅना काउंटीतल्या क्विलका डोंगरावर चढत जाणारी फळ्यांची वाट तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल. ती सासूबाईंसाठी नाही, साडेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. शिवाय फर्मॅना उत्तर आयर्लंडमध्ये येतं, म्हणजे ब्रिटनमध्ये. सीमेवर कुणी अडवत नाही, म्हणून सासरे उत्साहाने निघतील, पण त्यांच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ हा ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शिक्का नसेल तर वेगळ्या ब्रिटिश व्हिसाशिवाय त्यांनी सीमा ओलांडू नये. पासपोर्ट आधी बघून घ्या.

महिन्याचं म्हणाल तर मेच्या मध्यापासून बोलवा. मेमध्ये हॉथॉर्न फुललेला असतो, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. म्हणजे तुम्ही दोघं कामावरून आल्यावर, जेवणं उरकूनसुद्धा कालव्यावर एक फेरी होते. शाळा जूनअखेरपर्यंत चालू असल्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी या सगळ्या जागा शांत असतात. मेयोची सहल मुलीला सुट्टी लागल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याला कागद तयार हवेत. प्रवास विम्यात पक्षाघाताचा उल्लेख लपवू नका, जास्त हप्ता पडला तरी भरा. तिकिटं काढण्याआधी सासूबाईंना फोन करा आणि ते पाण्याचे-झाडीचे फोटो आत्ताच पाठवा. त्यांनी निवडलेल्या वाटेवरची फाटकं आणि पृष्ठभाग एखाद्या रविवारी तुम्ही स्वतः जाऊन बघून या, आणि त्या दिवशी यजमानांना सोबत न्या.